पंगतीत बसलेल्यांचा न्याय

जुने ते सोने म्हणण्याची एक खोड माणसाला असते आणि ती खेळाच्या बाबतीतही सुटत नाही. इंग्लंडच्या फुटबॉलविषयी बोलणाऱ्यांमध्ये असा एक सूर वारंवार ऐकू येतो की, तिथली पूर्वीची पद्धत अधिक माणुसकीची होती. फुटबॉल लीगच्या तळाशी गेलेल्या संघाला तेव्हा यंत्रासारखे बाहेर फेकले जात नसे. तो वार्षिक सभेपुढे उभा राही, आपली अडचण मांडी, सभासद क्लब मतदान करीत आणि बहुधा त्याला आणखी एक संधी देत. घरातल्यांनी घरातल्याला सांभाळून घेतले तर त्यात वावगे ते काय, असा हा युक्तिवाद आहे. आम्हांला तो मुळातच मान्य नाही. ती माणुसकी नव्हती; तो पंगतीत बसलेल्यांनी दाराबाहेर ताटकळणाऱ्यांविषयी केलेला न्याय होता, आणि बाहेरच्यांना त्या सभेत एक मतही नव्हते.

एका त्रैमासिकाने हा विषय हाती का घ्यावा, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या घरांतील मुले रविवारी मिस्सा आटोपताच आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड अशा क्लबांच्या जर्सी अंगावर चढवून मैदान गाठतात. त्या जर्सीवरचे बोधचिन्ह त्यांना डोळे मिटून काढता येते. मात्र हे क्लब त्या मानाच्या जागी कसे पोहोचले आणि कोणाची गावे त्या नकाशावरून पुसली गेली, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आर्सेनलची कथा तर पुढे येणारच आहे.

आरंभ साधा होता. बर्मिंगहॅममधील कापडाचे दुकानदार आणि ॲस्टन व्हिला क्लबचे कार्यकर्ते विल्यम मॅकग्रेगर यांनी २ मार्च १८८८ रोजी काही प्रमुख क्लबांना पत्र लिहिले. त्या काळी ठरलेले सामने ऐनवेळी रद्द होत, प्रेक्षक हिरमुसून परत जात आणि खेळाडूंना पगार देणाऱ्या क्लबांचे हिशेब कोलमडत. मॅकग्रेगर यांनी सुचविले की, दहा-बारा भक्कम क्लबांनी आपसांत घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर नेमाने सामने खेळावेत. १७ एप्रिल १८८८ रोजी मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलमध्ये लीग स्थापन झाली. सभासद बारा, सहा लँकेशायरचे आणि सहा मिडलँड्सचे. त्याच वेळी नियम ठरला की, हंगामाच्या अखेरीस तळाच्या चार क्लबांनी सभासदत्व खाली ठेवावे व फेरनिवडीसाठी अर्ज करावा; बाहेरच्या इच्छुकांनीही त्याच सभेपुढे यावे; मतदानाने जागा भराव्यात.

त्या बारा जणांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक पंगत मांडली होती आणि यजमानाने पाहुणे निवडावेत हे रीतीला धरूनच होते. सेमिनरीत लॅटिन शिकताना ‘कोऑप्तारे’ हे क्रियापद आम्हांला भेटले होते. प्राचीन रोममधील पुरोहितमंडळात जागा रिकामी झाली की उरलेले सभासदच नवा सभासद निवडून घेत, त्याला हा शब्द. पुढे रोमच्या लोकांना ती रीत खुपू लागली, कारण पुरोहितमंडळ हा तोवर चार कुटुंबांचा खासगी विषय राहिला नव्हता. फुटबॉल लीगचेही नेमके तेच झाले. बारा क्लबांची खासगी व्यवस्था पाहता पाहता एका राष्ट्राची स्पर्धा झाली. दाराची किल्ली मात्र त्याच खिशात राहिली.

१८८९ मध्ये पहिली फेरनिवड झाली. तळाचे चार क्लब होते स्टोक, बर्नली, डर्बी काउंटी आणि नॉट्स काउंटी. चौघेही परत आत घेतले गेले. पुढच्या वर्षी स्टोक पुन्हा शेवटचा आला, तेव्हा मात्र सभेने त्याला वगळून संडरलँडला घेतले. स्टोकने वर्षभर दुसऱ्या स्पर्धेत खेळून ती जिंकली आणि १८९१ मध्ये परत प्रवेश मिळविला. इथवर सारे ठीकच म्हणायचे. १८९२ मध्ये दुसरा विभाग निघाला आणि दोन विभागांमधील चढउतार ठरविण्यासाठी चाचणी सामने सुरू झाले. १८९८ च्या वसंतात स्टोक आणि बर्नली अशा एका सामन्यात समोरासमोर आले. बरोबरी झाली तर दोघांनाही पहिल्या विभागात जागा मिळणार होती. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, हे सांगायला नकोच! प्रेक्षकांचा संताप पाहून लीगने चाचणी सामने बंद केले, विभाग वाढविले आणि पहिल्या व दुसऱ्या विभागांतील बढती-पदावनती गुणतक्त्यावर सोपविली.

गुणतक्ता हाच न्यायाधीश, हे तत्त्व लीगने १८९८ मध्ये आपल्या घरात मान्य केले होते. घराच्या बाहेरच्या दाराला ते लागू व्हायला १९८७ साल उजाडले. मधली ८९ वर्षे एकच संस्था दोन कायदे चालवीत होती. आतल्यांसाठी गुण, बाहेरच्यांसाठी मर्जी.

मर्जी किती दूर जाऊ शकते हे १९१९ ने दाखविले. महायुद्धामुळे चार वर्षे लीग बंद होती. ती पुन्हा सुरू करताना पहिला विभाग २० वरून २२ क्लबांचा करण्याचे ठरले. युद्धापूर्वीच्या शेवटच्या, म्हणजे १९१४-१५ च्या हंगामात चेल्सी १९ वा आणि टॉटनहॅम २० वा होता. त्याच हंगामात २ एप्रिल १९१५ रोजी मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांच्यातील सामना काही खेळाडूंनी पैजेच्या पैशासाठी आधीच ठरवून खेळला होता. चौकशीत तो प्रकार सिद्ध झाला आणि खेळाडूंवर बंदी आली. (तो दिवस उत्तम शुक्रवारचा होता, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे, तीस नाण्यांची आठवण कोणालाही व्हावी.) त्या विजयाच्या गुणांनी युनायटेड चेल्सीच्या वर, सुरक्षित जागी राहिला. चेल्सीला मतदानाविना ठेवून घेण्यात आले, ते योग्यच झाले. दुसऱ्या विभागातील पहिले दोन, डर्बी आणि प्रेस्टन, वर आले. उरली एक जागा. तिच्यावर टॉटनहॅमचा हक्क मानला, तर ती त्याची. मानला नाही, तर दुसऱ्या विभागात तिसऱ्या आलेल्या बार्न्स्लीची. सभेत मतदान झाले. आर्सेनलला १८ मते पडली, टॉटनहॅमला ८, बार्न्स्लीला ५, वुल्व्हरहॅम्प्टनला ४. उरलेली किरकोळ इतरांत गेली. आर्सेनल दुसऱ्या विभागात पहिल्या चारांतही नव्हता.

लीगचे अध्यक्ष जॉन मॅकेना यांनी आर्सेनलची बाजू मांडताना त्याच्या दीर्घ सभासदत्वाचा दाखला दिला. आर्सेनल लीगमध्ये आला १८९३ मध्ये. वुल्व्हरहॅम्प्टन तर १८८८ च्या मूळ बारांपैकी एक, आणि त्या हंगामात आर्सेनलच्या वर, चौथा! दीर्घ सेवा हा निकष असता तर त्याचाच हक्क मोठा होता. आर्सेनलचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस हे वजनदार गृहस्थ होते, पार्लमेंटचे सभासद होते. पडद्याआड पैसा फिरला असे पुष्कळांनी पुढे लिहिले. पुरावा कोणी दिला नाही आणि आम्हीही तो आरोप करीत नाही. त्याची गरजही नाही. कारण न सांगता मत देण्याची मुभा असली की लाच द्यावीच लागते असे नाही, ओळख पुरते. त्या दिवसापासून आजतागायत आर्सेनल पहिल्या श्रेणीतून खाली आलेला नाही. त्याचे पुढचे पराक्रम खरे आहेत, ते त्याने मैदानावर मिळविले आहेत. परंतु त्या मैदानावर त्याला पोहोचविले ते अठरा मतांनी.

हे झाले मोठ्यांचे भांडण. आमचे मन अधिक गुंतते ते खालच्या दाराशी. १९२० आणि १९२१ मध्ये तिसरा विभाग निघाला, दक्षिण आणि उत्तर असे त्याचे दोन भाग झाले आणि कितीतरी खाणींची गावे लीगमध्ये आली. दक्षिण वेल्समधील मर्थर टाउन आणि ॲबरडेअर. ईशान्येकडील डरहॅम सिटी आणि ॲशिंग्टन. या गावांत शनिवारचा सामना म्हणजे आठवडाभर भूगर्भात राबणाऱ्या माणसाचा उघड्या आकाशाखालचा दिवस. मग मे १९२६ मध्ये खाणमालकांनी मजुरी घटवून कामाचे तास वाढविण्याचा आग्रह धरला आणि खाणींना टाळे लागले. खाणकामगार नोव्हेंबरपर्यंत उपाशीपोटी लढले आणि हरले. त्यानंतर बेकारीने या खोऱ्यांत ठाण मांडले. ज्याच्या घरी भाकरी नाही तो फुटबॉलचे तिकीट कशाने काढणार? दरवाजावरचे उत्पन्न आटले, चांगले खेळाडू विकावे लागले, संघ तळाशी गेले. आणि तळाशी गेलेल्यांना लीगच्या सभेने निरोप दिला. १९२७ मध्ये ॲबरडेअर गेले आणि टॉर्की आले. १९२८ मध्ये डरहॅम गेले आणि कार्लाइल आले. १९२९ मध्ये ॲशिंग्टन गेले आणि यॉर्क आले. १९३० मध्ये मर्थरची पाळी आली.

मर्थरच्या जागी कोण आले? थेम्स नावाचा, लंडनच्या गोदी भागातील अवघ्या दोन वर्षांचा क्लब. कुत्र्यांच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यतींसाठी बांधलेले, लाखाहून अधिक प्रेक्षक मावतील असे सांगितले जाणारे एक भव्य मैदान तिथे होते, आणि ते शनिवारी भरावे म्हणून हा क्लब काढलेला होता. भोवती मोठे शहर, मोठे मैदान, पैशाची ऊब. सभेला उमेदवार पसंत पडला. ६ डिसेंबर १९३० रोजी त्या मैदानावर थेम्स विरुद्ध लूटन हा लीग सामना झाला. प्रेक्षक होते ४६९. दोन हंगामांत थेम्सने गाशा गुंडाळला. तोवर मर्थरची जागा गेली ती गेलीच. ज्यांनी ते मत दिले त्यांना कोणी जाब विचारला नाही, कारण कोणी कोणाला मत दिले आणि का दिले, हे सांगण्याचे बंधनच नव्हते.

आणि ॲशिंग्टन? लीगने १९२९ मध्ये ज्या गावाला बाहेर काढले, त्याच गावी पुढच्या दशकात जॅक आणि बॉबी चार्लटन हे बंधू जन्मले. १९६६ मध्ये इंग्लंडने विश्वचषक जिंकला, तेव्हा अकरांपैकी दोघे त्या एका घरातले होते. फुटबॉल कोणत्या गावात आहे हे सभेतल्या गृहस्थांना किती कळत होते, त्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

१९५८ मध्ये उत्तर-दक्षिण भेद जाऊन तिसरा आणि चौथा असे देशव्यापी विभाग झाले. चौथ्या विभागातील शेवटच्या चारांनी दरवर्षी फेरनिवडीला उभे राहायचे. इथे एक हिशेब मांडतो. १९५९ ते १९८६ या काळात फेरनिवडीचे शंभराहून अधिक अर्ज सभेपुढे आले. नाकारले गेले ते पाच. हार्टलपूल हा क्लब आपल्या आयुष्यात १४ वेळा सभेपुढे हात जोडून उभा राहिला आणि १४ वेळा तरला. मतांची वाटणीही पाहण्यासारखी होती. पहिल्या दोन विभागांतील प्रत्येक क्लबला स्वतःचे मत होते. तिसऱ्या-चौथ्या विभागांतील क्लब हे नुसते सहसभासद, त्या सर्वांच्या वाट्याला मिळून बोटांवर मोजता येतील इतकीच मते. म्हणजे चौथ्या विभागात कोण राहावे हे प्रामुख्याने ते ठरवीत, ज्यांचा चौथ्या विभागाशी कधी सामना होत नसे.

आता वगळलेल्या पाचांकडे वळू. ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू १९७० मध्ये गेले. ते लागोपाठ तीन वर्षे शेवटचे आले होते, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. १९७७ मध्ये गेलेले वर्किंग्टनही सलग दोनदा तळाशी होते. परंतु उरलेले तीन पाहा. १९६० मध्ये हार्टलपूल शेवटचा आला. वगळला गेला तो तळाकडून तिसरा असलेला गेट्सहेड. १९७२ मध्ये क्रू शेवटचा आला. वगळला गेला तळाकडून तिसरा असलेला बॅरो. १९७८ मध्ये रॉचडेल शेवटचा आला. वगळला गेला त्याच्या वर असलेला साउथपोर्ट. तीनही वेळा सर्वांत वाईट खेळलेला राहिला आणि त्याच्याहून बरा खेळलेला गेला. हा जर न्याय असेल तर परीक्षेत शेवटच्या आलेल्या मुलाला वर्गात ठेवून त्याच्या पुढच्याला शाळेतून काढणे हाही न्यायच म्हणावा लागेल.

गेट्सहेडचा अपराध काय? १९३७ नंतर हा त्यांचा पहिलाच अर्ज होता. १९५३ मध्ये हा लहान क्लब एफ. ए. कपच्या उपान्त्यपूर्व फेरीत खेळला होता आणि बोल्टनकडून एकाच गोलने हरला होता. परंतु गेट्सहेड देशाच्या ईशान्य कोपऱ्यात होते. देशव्यापी विभाग झाल्यापासून दक्षिणेच्या क्लबांना तिथवरचा प्रवास नकोसा झाला होता. शेजारी न्यूकॅसलसारखा मोठा क्लब होता आणि गेट्सहेडचे प्रेक्षक थोडे होते. बॅरोचेही तसेच, समुद्रात शिरलेल्या टोकावरचे जहाजबांधणीचे आडवाटेचे गाव. त्यांच्या जागी आलेल्या हेरफर्डने ५ फेब्रुवारी १९७२ रोजी एफ. ए. कपमध्ये बलाढ्य न्यूकॅसलला २-१ असे हरवून देशाला वेड लावले होते. चिखलाने माखलेल्या मैदानावरून रॉनी रॅडफर्डने लांबून मारलेला तो गोल पाहून आजही रोमांच उभे राहतात, हे आम्ही कबूल करतो. पण त्या हंगामात सदर्न लीगचे विजेतेपद हेरफर्डकडे नव्हते. ते चेम्सफर्डकडे होते. बॅरो एका गोलामुळे गेला, आणि तो गोल त्याच्याविरुद्ध झालेलाही नव्हता.

दाराबाहेरच्यांची कथा तर आणखी लाजिरवाणी. विगन ॲथलेटिकने तीसहून अधिक वेळा अर्ज केले, तेव्हा कुठे १९७८ मध्ये, तेही पहिल्या मतदानात बरोबरी होऊन दुसऱ्यात २९ विरुद्ध २० मतांनी, दार उघडले. बाहेर निरनिराळ्या लीग होत्या, उमेदवार अनेक उभे राहत आणि एकमेकांची मते खात. आतल्यांना ते सोयीचेच होते. अखेर बाहेरच्या क्लबांनी शहाणपण करून १९७९ मध्ये अलायन्स प्रीमियर लीग काढली आणि दरवर्षी एकच उमेदवार पुढे करण्याचे ठरविले. पहिल्या हंगामाचा विजेता ठरला ऑल्ट्रिंचम. समोर होता चौथ्या विभागात शेवटचा आलेला रॉचडेल. मते पडली रॉचडेल २६, ऑल्ट्रिंचम २५. मत देण्याचे कबूल केलेले दोन प्रतिनिधी मतदानाच्या वेळी जागेवर नव्हते, अशी हकीकत ऑल्ट्रिंचममध्ये सांगितली जाते. ऑल्ट्रिंचमने दुसऱ्या वर्षीही विजेतेपद मिळविले. सभेने पुन्हा नकार दिला. १९७८ नंतर मतदानाने एकही नवा क्लब आत आला नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते सांगतात, हीच पद्धत पीटरबरो, ऑक्सफर्ड, केंब्रिज, हेरफर्ड, विंबल्डन आणि विगन यांना आत घेऊन आली; म्हणजे निवड करणाऱ्यांची पारख चांगली होती. याचे उत्तर त्याच नावांत आहे. पीटरबरो १९६० मध्ये आला आणि पहिल्याच हंगामात १३४ गोल करून चौथा विभाग जिंकून गेला. ऑक्सफर्ड १९६२ मध्ये आला तोही ॲक्रिंग्टन स्टॅन्ली कर्जापायी हंगामाच्या मध्यावर कोसळला म्हणून. १९८५ मध्ये तो पहिल्या विभागात पोहोचला. विंबल्डन १९७७ मध्ये आला, १९८६ मध्ये पहिल्या विभागात गेला आणि १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफ. ए. कप घेऊन गेला. विगनने २०१३ मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून तोच कप जिंकला. बाहेरून आलेले इतके चढत असतील तर बाहेर काही दुबळी माणसे उभी नव्हती. ती आतल्या कित्येकांहून सबळ होती. मग अशा किती विगनांचे अर्ज पहिल्या, दहाव्या, विसाव्या वेळी केराच्या टोपलीत गेले? सहा जणांच्या यशाने मतदान करणाऱ्यांची पारख सिद्ध होत नाही, त्यांनी अडवून धरलेल्या रांगेची लांबी तेवढी कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गुणतक्ता निर्दय असतो. १९८८ मध्ये न्यूपोर्ट काउंटी गुणांच्या नियमाने लीगबाहेर गेला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये बंदच पडला. गुणतक्त्याने आत आलेला पहिला क्लब स्कार्बरो १९९९ मध्ये शेवटच्या दिवशी, शेवटच्या क्षणी कार्लाइलच्या गोलरक्षकाने केलेल्या गोलामुळे बाहेर पडला आणि २००७ मध्ये विसर्जित झाला. गावाचा क्लब बुडतो तेव्हा त्या गावात काय होते, हे आम्हां धर्मगुरूंना वेगळे सांगायला नको. बंद पडलेल्या गिरणीच्या वस्तीत आम्हीही सेवा केली आहे. तरीही फरक उरतो. गुणांनी गेलेल्याला परतीची वाट ठाऊक असते. १९८७ मध्ये बाहेर पडलेला लिंकन सिटी १९८८ मध्ये परत आला. न्यूपोर्टच्या लोकांनी क्लब नव्याने उभा केला आणि २०१३ मध्ये लीगमध्ये आणला. मूळ बारांपैकी नॉट्स काउंटी २०१९ मध्ये गेला, २०२३ मध्ये परतला. मतांनी गेलेल्या बॅरोला परतायला ४८ वर्षे लागली आणि २०२० मध्ये तो परतला तोही गुणतक्त्याच्या वाटेने, कोणाच्या मताने नव्हे. दया करायचीच असेल तर तिची साधने दुसरी आहेत. प्रवासखर्च वाटून घ्यावा, उत्पन्नाचा हिस्सा खालपर्यंत पोहोचवावा. शेजाऱ्यावरच्या दयेची किंमत तिसऱ्याच माणसाकडून वसूल करणे, ही दया नव्हे.

९ मे १९८७ चा दिवस आम्हांला या बाबतीत फार बोलका वाटतो. नव्या नियमाने पहिल्यांदाच एक क्लब आपोआप बाहेर जाणार होता. तळाशी होता बर्नली, १८८८ च्या मूळ बारांपैकी एक, दोनदा इंग्लंडचा विजेता. जुन्या सभेत बर्नलीला एकही क्लब नाही म्हणाला नसता. त्या दिवशी त्याला जिंकावेच लागले. त्याने ओरिएंटला २-१ असे हरविले आणि वाचला. टॉर्की आधीची दोन्ही वर्षे तळाशी येऊन मतांवर तरला होता. क्रूविरुद्ध तो २-१ असा मागे असताना पोलिसांच्या कुत्र्याने त्याच्या एका खेळाडूला चावा घेतला, उपचारात गेलेला वेळ पंचांनी वाढवून दिला आणि त्या वाढीव वेळात टॉर्कीने बरोबरी साधली. लिंकन हरला आणि गोलफरकाने खाली गेला. कुत्र्याच्या दातांवर एका क्लबचे भवितव्य ठरले, असे हसून म्हणता येईल. पण ते उघड्या मैदानावर, हजारो डोळ्यांदेखत ठरले, आणि आपण का गेलो हे लिंकनच्या प्रत्येक पोराला त्या संध्याकाळी माहीत होते.

दार आता पूर्ण उघडे आहे, असे आम्ही म्हणत नाही. २०२४ मध्ये गेट्सहेडने खालच्या लीगमध्ये बढतीच्या सामन्यांची पात्रता मैदानावर मिळविली आणि मैदानाचा दहा वर्षांचा करार हाती नाही म्हणून त्याला खेळू दिले गेले नाही. १९६० नंतर दुसऱ्यांदा त्याच गावाला कागदाने अडविले. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतंत्र ‘सुपर लीग’ जाहीर केली. वीसपैकी पंधरा जागा संस्थापकांना कायमच्या, हरले तरी हलायचे नाही. मँचेस्टरमधल्या त्या सभेला १३३ वर्षे आणि एक दिवस झाला होता, आणि आकडाही पुन्हा बाराचाच! चाहते रस्त्यावर उतरले, म्हणून दोन दिवसांत इंग्लिश क्लबांनी माघार घेतली.

आणि आपल्याकडे? २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांत देशाच्या आय-लीगचे विजेतेपद एकदाही गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, ती बोली लावणाऱ्यांना शहरे वाटून. पुढे तिलाच देशाची पहिली श्रेणी करून आय-लीगला खाली ढकलण्याचा आराखडा आला, आणि २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो यांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. त्यांच्या जाण्याने जागा रिकाम्या झाल्या, म्हणून त्याच वर्षी गुणांनी खाली गेलेल्या मिझोरमच्या आयझॉल क्लबला परत बोलावण्यात आले. आयझॉलने २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दाखविली. देशाच्या विजेत्याला वर जायला मात्र पायरीच नव्हती. त्या वर्षी सुपर लीगमध्ये दोन नवे संघ घेतले गेले, बंगळूरु आणि जमशेदपूर, दोन्ही बोलीने. आय-लीगचा विजेता केवळ खेळाच्या बळावर वर गेला तो त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, पंजाबचा संघ. आणि तेव्हाही वरून खाली कोणी आले नाही.